माशाचा पत्ता

१५२८ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर, आजच्या गॅल्व्हेस्टन शहराच्या आसपासच्या एका बेटावर, काही स्पॅनिश माणसं येऊन पडली. फ्लोरिडा जिंकायला निघालेल्या मोहिमेतले हे उरलेसुरले लोक. त्यांच्यातला एक होता आल्वार नुनेस काबेसा दे वाका. तो जगला, आठ वर्षं पायी भटकत मेक्सिकोपर्यंत पोचला आणि १५४२ मध्ये त्यानं आपली हकिगत छापली. बेटावरच्या मूळ रहिवाशांबद्दल तो सांगतो की ते उथळ पाण्यात वेताचे कूड रोवून मासे पकडायचे आणि पाण्यातली मुळं उपटून खायचे. मग थंडी पडली, वादळं आली. गारठलेल्या पाण्यात उतरून मुळं काढता येईनात, आणि कुडांमध्ये मासा यायचा बंद झाला. किनाऱ्याला लागलेल्या सुमारे ८० स्पॅनिश माणसांपैकी हिवाळा संपेपर्यंत १५ उरले.

ही हकिगत वाचताना मी एका साध्या प्रश्नावर अडकलो. मासे गेले कुठे?

मी ह्यूस्टनमध्ये राहतो, सॉफ्टवेअर लिहितो. शिक्षण इंजिनिअरिंगचं, इतिहासाचं नाही. पण या एका प्रश्नाचा धागा धरून मागे गेलं तर टेक्सासच्या किनाऱ्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास उलगडतो. कायदे, भांडणं, एक गाजलेली रेसिपी, तीन भयंकर हिवाळे, आणि आज हिवाळ्यात पैसे मोजून गाइडबरोबर रेडफिश आणि ट्राउट पकडायला जाणारे माझ्यासारखे लोक, सगळं त्यात येतं.

आपल्या घोळीचे नातेवाईक

आधी माशांची ओळख. रेडफिश म्हणजे तांबूस अंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला मासा. ट्राउट म्हणतात तो खरं तर ट्राउट नाहीच. डोंगरातल्या थंड ओढ्यात राहणाऱ्या ट्राउटशी त्याचा काही संबंध नाही. अंगावरच्या ठिपक्यांमुळे गोऱ्या वसाहतवाल्यांनी जुनंच नाव चिकटवलं. हे दोन्ही मासे एकाच कुळातले, आणि त्याच कुळात आपली घोळ आणि ढोमा येतात. पालघरपासून रत्नागिरीपर्यंतच्या कोळ्यांना या कुळाची एक खूण सांगायला नको: पोटातला भोत. घोळीच्या भोताला सोन्यासारखा भाव मिळतो तो परदेशी बाजारामुळे. माशाला स्वतःला त्याचा उपयोग वेगळाच. पाण्यात तरंगायला तर तो लागतोच, शिवाय भोताभोवतीचे स्नायू थरथरवून हे मासे ढोलासारखा आवाज काढतात. म्हणून इंग्रजीत या कुळाचं नावच 'ड्रम'.

रेडफिशचं आयुष्य मोठं असतं, मेक्सिकोच्या आखातात तो चाळीस वर्षांपर्यंत जगतो. पहिली तीन-चार वर्षं तो खाड्यांमध्ये आणि उथळ पाण्यात काढतो, मग मोठा झाला की आखातात निघून जातो आणि तिथेच राहतो. ट्राउटचं उलटं. तो लवकर वयात येतो, दहाएक वर्षांत संपतो, आणि जवळपास सगळं आयुष्य खाडीतच घालवतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे.

थंडीत मासा काय करतो

मासा शीतरक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं शरीर गार होतं, पचन मंदावतं, भूक कमी होते, हालचाल आळसावते. टेक्सासच्या खाड्या कमालीच्या उथळ आहेत. दक्षिणेकडची लगुना माद्रे नावाची लांबलचक खाडी सरासरी जेमतेम मीटरभर खोल. असं पाणी लवकर तापतं आणि तितक्याच लवकर निवतं. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा, गार वारा सुटतो. त्याला इथे 'नॉर्दर' म्हणतात. तो काही तासांत तापमान धाडकन खाली आणतो आणि खाडीतलं पाणी आखाताकडे ढकलून देतो. म्हणजे पाणी गारही होतं आणि कमीही.

अशा वेळी मासे उथळ पाणी सोडून जवळच्या खोल जागी जातात. नदीचं जुनं पात्र, जहाजांसाठी खणलेला कालवा, बंदराचा कोपरा. खोल पाणी सावकाश निवतं. वारा पडून ऊन निघालं की दुपारी ते पुन्हा कडेच्या काळ्या चिखलावर येतात, कारण गडद चिखल ऊन शोषून आधी तापतो. बेटावरच्या मूळ रहिवाशांचे कूड उथळात होते. मासे बहुधा फार दूर गेलेच नव्हते. ते फक्त कूड जिथे पोचत नाहीत तिथे होते.

आता याची दुसरी बाजू. उन्हाळ्यात शेकडो चौरस किलोमीटरवर विखुरलेला मासा थंडीत मोजक्या जागी दाटीनं गोळा होतो. तो सुस्त असतो. ज्याला त्या जागा माहीत आहेत, त्याच्यासाठी थंडी म्हणजे उपासमार नाही, सुगी आहे. माशाचा पत्ता ज्याच्याकडे, मासा त्याचा.

गेल्या जानेवारीत मी एका सहकाऱ्याबरोबर रॉकपोर्टजवळ अशा सफरीला गेलो होतो. गाइडनं आम्हाला पहाटे नाही, साडेनऊला बोलावलं. "अजून त्यांचं अंथरूण गरम झालेलं नाही," असं काहीसं तो म्हणाला. आपल्याकडच्या तांडेलासारखाच तो माणूस: बोलणं कमी, नजर सतत पाण्यावर. त्यानं आधी पाण्याचं तापमान पाहिलं, मग वाऱ्याची दिशा, मग कालवांच्या खडकाच्या आडोशाला, जिथे चिखल आणि खोल पाणी यांची सीमा होती, तिथे बोट लावली. आमिष टाकायचं, तळाशी जाऊ द्यायचं आणि मग इतकं हळू ओढायचं की हात अवघडावेत. ओढ बसते तीही झटक्यासारखी नाही, ओला टॉवेल गळाला अडकल्यासारखी. दोन तासांत आम्ही सहा ट्राउट आणि दोन रेडफिश वर काढले, त्यातले बहुतेक परत सोडले.

मी फोन काढला तेव्हा तो म्हणाला, "फोटो काढा खुशाल. पण मागचा किनारा दिसू देऊ नका."

मला तेव्हा ते धंद्याचं गुपित वाटलं. ते आहेच. पण ते वाक्य कुठून येतं ते समजायला १९७० च्या दशकात जावं लागतं.

मासा कोणाचा?

तोपर्यंत टेक्सासमध्ये रेडफिश आणि ट्राउट बाजारात विकले जायचे. खाड्यांमध्ये जाळी लावणारे मच्छीमार होते, पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा करणारी कुटुंबं होती. दुसऱ्या बाजूला हौसेनं गळ टाकणारे लोक वाढत होते. ह्यूस्टन तेलाच्या पैशावर फुगत चाललं होतं, लोकांकडे बोटी आल्या होत्या. खाडीतला मासा कमी होतोय असं दोघंही म्हणत होते. दोष मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला देत होता.

१९७७ मध्ये ह्यूस्टनमध्ये १४ हौशी मासेमारांनी एक संघटना काढली: गल्फ कोस्ट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन. त्यांच्यात वॉल्टर फोंड्रेन होते, तेलाच्या व्यवसायातल्या बड्या घराण्यातले. रेडफिश वाचवा, ही त्यांची हाक. चार वर्षांत त्यांनी राज्याच्या विधिमंडळातून हवं ते मिळवलं. १९८१ च्या कायद्यानं टेक्सासच्या सार्वजनिक पाण्यात पकडलेला रेडफिश आणि ट्राउट विकण्यावर बंदी आली. पकडू शकता, खाऊ शकता, विकू शकत नाही.

या कायद्याकडे दोन बाजूंनी बघता येतं आणि दोन्ही खऱ्या आहेत. मासा वाचला, हे खरं. आणि ज्यांचं पोट त्या माशावर होतं त्यांच्याकडून तो काढून ज्यांची हौस होती त्यांच्या हवाली केला, हेही खरं. मच्छीमार म्हणत होते की हा श्रीमंतांचा कायदा आहे. विधिमंडळात कोणाचा आवाज पोचतो हे पाहिलं तर त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आपल्याकडे पर्ससीन आणि पारंपरिक मासेमारीचा वाद ज्यांनी ऐकलाय त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. फक्त इथे दुसऱ्या बाजूला मोठी यांत्रिक बोट नव्हती, शनिवार-रविवारची छोटी बोट होती.

मग आली रेसिपी. न्यू ऑर्लिन्समध्ये पॉल प्रुडॉम नावाच्या शेफनं १९७९ मध्ये के-पॉल्स हे रेस्टॉरंट सुरू केलं. त्याचा 'ब्लॅकन्ड रेडफिश' हा पदार्थ, म्हणजे लोण्यात बुडवून, तिखट मसाला लावून, धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर करपवलेला मासा, १९८० च्या दशकात अमेरिकाभर पसरला. सगळ्या देशाला अचानक एकच मासा हवा होता. टेक्सासच्या खाड्यांना कायद्याचं कुंपण होतं, आखाताला नव्हतं. मोठ्या जहाजांनी आखातात गोल जाळी टाकून रेडफिशचे थवेच्या थवे उचलायला सुरुवात केली.

आता वरची किल्ली आठवा. आखातात असतात ते सगळे वयस्क, अंडी घालणारे रेडफिश. वीस-तीस वर्षांचे. खाडीतला मासा म्हणजे बचत खातं, त्यातून काढत राहिलात तरी पुढच्या वर्षी काही जमा होतं. आखातातला मासा म्हणजे मुदत ठेव. देश ती मोडून खात होता. १९८६ मध्ये केंद्र सरकारनं आणीबाणीचा हुकूम काढून आखातातली रेडफिशची व्यापारी पकड रोखली, आणि १९८८ पर्यंत तिथे रेडफिश ठेवून घेणंच पूर्ण बंद झालं. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केंद्राच्या पाण्यातल्या रेडफिशला विक्रीपासून संरक्षण देणारा आदेश काढला. आज अमेरिकेतल्या हॉटेलात तुम्ही रेडफिश मागवलात तर तो बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेला असतो.

तीन हिवाळे

माणसांची ही भांडणं चालू असताना थंडीनं आपलं काम केलंच. टेक्सासच्या किनाऱ्यावर मासे गोठून मरणं नवं नाही. १९५१ च्या जानेवारीअखेरच्या लाटेचं वर्णन गॉर्डन गंटर आणि हेन्री हिल्डेब्रँड या शास्त्रज्ञांनी सविस्तर लिहून ठेवलंय. पण १९८० च्या दशकानं कहर केला. राज्याच्या जीवशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार १९८३ च्या डिसेंबरमध्ये १.४ कोटींहून अधिक मासे मेले. १९८९ च्या फेब्रुवारीत सुमारे १.१ कोटी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी ६० लाख.

मासा मरतो तो फक्त गारव्यानं नाही, वेगानं. तापमान सावकाश उतरलं तर मासा खोल पाण्यात पोचतो. एका रात्रीत कोसळलं तर तो उथळातच सापडतो. ट्राउट साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली लटपटायला लागतो. रेडफिश थोडा जास्त तग धरतो, शिवाय त्याची मुदत ठेव आखातात सुरक्षित असते. ट्राउटचं सगळं भांडवल खाडीत. म्हणून थंडीचा खरा फटका त्याला.

यात एक गंमत अशी की माशांना वाचवणाऱ्या काही खोल जागा निसर्गानं दिलेल्या नाहीत. किनाऱ्याला समांतर जाणारा जहाजांचा कालवा लगुना माद्रेतून १९४९ मध्ये पूर्ण खणला गेला, तो बार्जमधून माल नेण्यासाठी. साडेतीन-चार मीटर खोलीचा तो चर आता कडाक्याच्या थंडीत माशांचं आश्रयस्थान आहे. कोणीही तसं डिझाइन केलेलं नव्हतं. माझ्या धंद्यात अशा गोष्टी रोज घडतात: एका कामासाठी लिहिलेलं काहीतरी भलत्याच कामाला येतं, आणि मग त्याला हात लावायची सोय राहत नाही.

दुसरी गंमत प्रयोगशाळेतली. पोर्ट अरँसासच्या सागरी विज्ञान संस्थेत कॉनी अर्नोल्ड यांनी १९७० च्या दशकात टाकीतल्या रेडफिशना अंडी घालायला लावलं, तेही फक्त दिवे आणि पाण्याचं तापमान बदलून. रेडफिश शरद ऋतूत अंडी घालतो. दिवस लहान होताहेत, पाणी निवतंय, ही त्याची खूण. ती खूण कृत्रिमरीत्या दिली की मासा फसतो आणि वर्षभर काही महिन्यांतच संपवता येतं. या तंत्रावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्पस क्रिस्टीमध्ये मोठं बीजकेंद्र उभं राहिलं. हौशी मासेमारांच्या त्याच संघटनेनं आणि एका वीज कंपनीनं त्याला हातभार लावला. तिथून रेडफिशची कोट्यवधी पिल्लं खाड्यांमध्ये सोडली गेली. जी थंडी मारते, तिचीच चाहूल वापरून माणसानं मासा वाढवला.

पत्त्याचा बाजार

१९८१ च्या कायद्याचा एक परिणाम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मासा विकणं बंद झालं, तेव्हा माशाचा पत्ता विकणं वाढलं. गाइड हेच करतो. त्याच्याकडे तटरक्षक दलाचा कॅप्टनचा परवाना असतो, राज्याचा गाइडचा परवाना असतो, आणि डोक्यात खाडीचा नकाशा असतो. तुम्ही किलोनं पैसे देत नाही. तुम्ही पैसे देता ते एका सकाळच्या माहितीचे. तोच मासा पकडून सोडून दिला तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा 'विकता' येतो. हिशोबानं बघितलं तर मेलेल्या माशापेक्षा जिवंत मासा महाग झाला.

पण म्हणजे गाइड निरुपद्रवी आहेत असं नाही. मासा दाटीनं जमलेल्या खड्ड्यावर दहा बोटी रोज आल्या, प्रत्येकीत चार गिऱ्हाइकं, तर जाळ्याची गरज उरत नाही. म्हणून मर्यादा आल्या. टेक्सासमध्ये रेडफिश दिवसाला तीनच, २० ते २८ इंचांमधलेच. लहान सोडा, कारण ते वाढायचेत. मोठे सोडा, कारण ते मुदत ठेवीकडे निघालेत. इंजिनिअरच्या भाषेत हा रेट लिमिट. सर्व्हर वाचवायचा तर सगळ्यांच्या मागण्या एकदम पुऱ्या करायच्या नाहीत.

२०२१ च्या फेब्रुवारीत या सगळ्याची परीक्षा झाली. १३ फेब्रुवारीपासून टेक्सासवर जी थंडीची लाट आली तिनं वीजव्यवस्था कोलमडली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं मेली. किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवं गारठून निपचित झाली, लोकांनी ती गाड्यांमध्ये घालून साउथ पाद्रे आयलंडच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ओळीनं मांडून ठेवली. राज्याच्या अंदाजानुसार किमान ३८ लाख मासे मेले. त्यात ट्राउट सुमारे १ लाख ६० हजार, त्यातले बहुतेक लगुना माद्रेतले.

त्यानंतर जे झालं त्याची बातमी मोठी झाली नाही. अनेक गाइडनी आपणहून गिऱ्हाइकांना सांगितलं की यंदा ट्राउट घरी न्यायचा नाही. १ एप्रिलपासून राज्यानं लगुना माद्रेत पाचऐवजी तीन ट्राउटची मर्यादा घातली आणि मोठे मासे ठेवून घेणं थांबवलं. कारण उरलेले मोठे ट्राउट हेच पुढचं बियाणं होतं. २०२४ पासून सगळ्या किनाऱ्याला तीनचीच मर्यादा आहे. ज्या लोकांचं उत्पन्न या माशावर आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कमी मासा मागितला. १९७० च्या दशकात हे कोणाला खरं वाटलं नसतं.

मला मात्र चिंता वाटते ती माझ्याच धंद्याची. गाइडनं तीस वर्षं बोटीवर घालवून मिळवलेला पत्ता आता फोनवर येतोय. उपग्रहाची चित्रं आहेत, पाण्याचं तापमान आणि भरती-ओहोटी दाखवणारी ॲप आहेत, बोटीखालचा एकेक मासा पडद्यावर दाखवणारे सोनार आहेत. आणि आपले फोटो आहेत, ज्यांच्या मागे किनारा दिसतो. पत्ता जोपर्यंत मोजक्या डोक्यांत होता तोपर्यंत मासा सापडणं अवघड होतं, हीच एक मर्यादा होती. कायद्याच्या पुस्तकात न लिहिलेली, पण रोज पाळली जाणारी. ती आपण कोडच्या चार ओळींनी पुसू शकतो. जाळ्यांवर बंदी घालता आली कारण जाळं दिसतं. माहितीवर बंदी घालता येत नाही, आणि घालावी असंही मी म्हणणार नाही. पण मग दुसरं काहीतरी तिची जागा घ्यायला हवं.

ते काय असू शकतं, याचा एक नमुना टेक्सासकडे आहे. कडाक्याची थंडी येणार असा अंदाज आला की राज्याचा मत्स्य विभाग किनाऱ्यावरच्या ठरावीक खोल जागांची यादी जाहीर करतो आणि थंडी सरेपर्यंत तिथे गळ टाकायला बंदी करतो. लगुना माद्रेतल्या कालव्यात बार्जवाले स्वेच्छेनं वाहतूक थांबवतात. यादी सगळ्यांसाठी खुली असते, अगदी अक्षांश-रेखांशासकट. म्हणजे मासे कुठे जमलेत हे सरकार स्वतःच सांगतं, आणि त्याच वाक्यात सांगतं की तिथे जाऊ नका.

२०२४ च्या जानेवारीत अशी बंदी लागली तेव्हा मी ती यादी फोनवर उघडून बघितली. जागांची नावं होती, सीमा होत्या, बंदी कधी उठणार ते होतं. काबेसा दे वाकाच्या सोबत्यांना हवा होता तो नेमका हाच पत्ता. त्या दोन दिवसांत तो लाखो लोकांच्या खिशात होता, आणि तो पाळायचा होता.